नऊ जणांची बदली

९ जून, सोमवार

नऊच्या नऊ! एकाच कागदावर, एकाच सहीनं. आमची गोपनीय शाखा सकाळी साडेअकरापर्यंत होती आणि बारा वाजता नव्हती. तिघे कंट्रोल रूमला, दोघे कोर्ट ड्युटीला, दोघे वाहतुकीला, एक समन्स वाटायला. आणि मी मुद्देमाल खोलीत.

एकवीस वर्षं माणसांचं ऐकण्यात गेली. आता जप्त केलेल्या मोटारसायकली आणि गावठी दारूच्या कॅनमध्ये बसायचं.

आदेशात कारण लिहिलंय, 'प्रशासकीय'. साहेबांना विचारलं. त्यांनी पेन उघडलं, बंद केलं. "वरून आलंय, हरेश. मी काय करू?" बरोबर आहे. ते तरी काय करणार?

संध्याकाळी कमळला सांगितलं. "बरं झालं, आता वेळेवर जेवाल तरी." मग कढीला फोडणी देता देता म्हणाली, "म्हणजे आता तुम्ही वर्दीतले पोलीस होणार?" मी हसलो. पण कपाट उघडून वर्दी शोधायला अर्धा तास लागला.

१० जून, मंगळवार

खाकी पँट पोटावर बसत नाही. शिंप्याकडे टाकली. तो म्हणाला, "तुम्ही पोलीस आहात? मला वाटलं, कुठल्या तरी पॉवरलूमवर मॅनेजर असाल."

एवढं कौतुक मला आयुष्यात कुणी केलं नव्हतं.

१४ जून, शनिवार

कारण कळलं. कळणारच होतं, एवढं ऐकणं अजून अंगात आहे.

नवीन मंत्री जिल्ह्याचा कारभार बघायला लागले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वतःची फाईल मागवली. विरोधात असताना आपल्याबद्दल काय काय लिहिलं जात होतं, ते वाचायचं होतं. मोठी फाईल आहे. त्यातलं निम्मं माझ्या हातचं. 'सभेला चारशे खुर्च्या, पैकी दीडशे रिकाम्या. भाषण बेचाळीस मिनिटे. टाळ्या तीन वेळा, त्यातील दोन वेळा व्यासपीठावरून सुरू झाल्या.' आता खोटं काय त्यात? पण माणसानं हे स्वतःबद्दल वाचायचं म्हणजे...

इथवर मला हसू येत होतं. पुढचं समजलं तेव्हा आलं नाही. त्यांच्या आईच्या तेराव्याचा कागदही फाईलमध्ये होता. कोण कोण आलं, कुठल्या गाडीतून आलं, गाड्यांचे नंबर. ते त्यांनी दोनदा वाचलं म्हणे, आणि फाईल मिटून म्हणाले, "ही सगळी माणसं मला उद्या इथं नकोत."

तो कागद माझाच. त्या वेळच्या सत्तेतल्यांना धास्ती होती की आपल्यातलेच कुणी त्यांना आतून मिळालेत. वरून हुकूम आला, बघून या. मी मांडवाच्या बाहेर बुंदी खात नंबर पाठ करत होतो. बाईच्या फोटोला हारही घातला होता. आम्ही काही धुतल्या तांदळासारखे नव्हतो. हे कुठंतरी लिहिलं पाहिजे म्हणून इथं लिहिलं.

आणि वर मे महिन्यातला अहवाल. दिघाशीच्या पुढं डोंगराकडे एक पाडा आहे. (नाव लिहीत नाही. सवय!) तिथल्या शेतांवर मंत्र्यांना गोडाऊनांचं मोठं संकुल उभारायचंय. जमीन कागदावर सरकारची, पण तीन पिढ्या भात पिकवतायत पाड्यातले. मी लिहिलं होतं, 'लोक जमीन सोडण्यास तयार नाहीत. पीक उभे असताना काम सुरू केल्यास मोठा विरोध होईल, असे समजते.' ह्यावर त्यांचा एक माणूस म्हणाला म्हणे, "हे अहवाल आहेत की विरोधकांची भाषणं?"

झालं. फाईल वाचून दुखावलेला माणूस, आणि त्याला नको ते सांगणारे आम्ही. माझ्या नोकरीत ही तिसरी साफसफाई. पहिल्या वेळेला पण असंच. सत्तेत आलेल्याला आधी वाटलं, ह्यांनीच माझ्यावर नजर ठेवली होती. दुसऱ्या वेळी एकाला आम्ही सांगितलं, साहेब, तुम्ही पडताय. त्यानं दोघांना हलवलं आणि पडला. पण तेव्हा दोघे-तिघेच जायचे, बाकीचे राहायचे. धागा राहायचा. ह्या वेळी मागं कुणीच नाही.

२९ जून, रविवार

आज दौलतअप्पांची फार आठवण आली. माझे उस्ताद. जाऊन सहा वर्षं झाली. शाखेत आलो तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला बंगालपुऱ्यात एका पिठाच्या गिरणीसमोर उभं केलं, तीन तास! "काय बघू?" "बाया बघ." मी लाजलो. "अरे गाढवा, डबे बघ! रोज एक डबा आणणारी आज दोन आणतेय का? तसं असेल तर तिच्या घरी कुणीतरी म्हटलंय, उद्या बंद आहे. हे घरातल्या बाईला आधी कळतं. आपल्याला मागून कळतं आणि मंत्र्याला पेपरात."

मग लूमचा आवाज. गल्लीत शिरलं की खडखडाट. कुणाची जेवणाची सुट्टी एकला, कुणाची दीडला, म्हणजे आवाज थोडा थोडा कमी व्हायला हवा. एका दमात सगळी गल्ली गप्प झाली तर लगेच फोन करायचा. दोनदा आम्ही असं आधीच पोहोचलो. दोन्ही वेळा काहीच घडलं नाही. काही घडलं नाही म्हणून पेपरात आलं नाही, म्हणून कुणाला माहीत नाही. हाच आमचा धंदा. कसा दाखवायचा कुणाला?

अप्पांचं एक होतं — कधी प्रश्न विचारायचा नाही. प्रश्न विचारला की माणूस सावध होतो. टपरीवर बसून स्वतःच काहीतरी चुकीचं बोलायचं. "यंदा मिरवणूक आठलाच संपणार म्हणे." लगेच चार जण तुम्हाला सुधारणार, आणि त्यातला एक जास्तीचं सांगून जाणार. लोकांना दुसऱ्याची चूक काढायला किती आवडतं! ह्या एका गोष्टीवर एकवीस वर्षं पगार घेतला.

आणि नाव. खबर देणाऱ्याचं नाव कागदावर नाही, फोनमध्ये नाही, बायकोला नाही. अप्पांनी त्यांची माणसं मलासुद्धा सांगितली नाहीत. त्यांच्या मयताला एक म्हातारा हमाल, एक कव्वालीतला पेटीवाला आणि एक डॉक्टरीणबाई, तिघंही कोपऱ्यात वेगवेगळे उभे राहून रडत होते. तेव्हा मी ओळखलं. पण जाऊन बोललो नाही.

१३ जुलै, रविवार

सवयीनं वज्रेश्वरीला गेलो. रविवारच्या बाजाराला धाकली बसते. पावसात भाजी, रानातली शेवळं, कधी खेकडे. धाकली हे नाव लिहायला हरकत नाही. त्या बाजूला धाकली म्हणून हाक मारली तर दहा जणी वळतील.

ती त्या पाड्यातली. मला खबर देते, सोळा वर्षं झाली. पैशासाठी नाही — पैसे मी एकदा पुढं केले होते, तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पाकीट घाईघाईनं आत घातलं. सुरुवात कशी झाली? पाड्यात एका मुलीला कुणी फसवून नेणार होतं, ते तिनं मला भाजी तोलता तोलता सांगितलं. मुलगी वाचली. त्यानंतर तिला वाटायला लागलं की ह्या माणसाला सांगितलं की काहीतरी होतं. मलाही तसंच वाटायचं.

आज मला बघून तिनं भाजीवर पाणी मारलं आणि मान खाली घालूनच म्हणाली, "दादा, तू आता त्या कामात न्हाय म्हनतात?" तिला कसं कळलं! मी म्हटलं, "नाही." "मंग येतोस कशाला?" शेवळाची जुडी घेतली आणि आलो.

५ ऑगस्ट, मंगळवार

मनोज आला होता मुद्देमाल खोलीत. माझ्या जागी आलेला. चौतिशीचा, हुशार, मंत्र्यांच्या बंदोबस्तात होता, तिथून उचलला. वाईट नाही. भाऊ म्हणतो, पाणी आणून देतो.

"भाऊ, तुम्ही लोकं रोज कुठं कुठं फिरायचात?"

सांगितलं. गिरणी, टपरी, एसटी स्टँड, मशिदीसमोरचा चपलेवाला. तो हसला. "आता एवढं लागत नाही भाऊ. सगळ्या गावांचे ग्रुप आहेत. मोबाईलवर बसल्या जागी कळतं."

"पाड्यात रेंज नाही," मी म्हटलं.

"मग तिथं काही होत पण नसणार."

मस्करीत बोलला. पण त्याचा अहवाल मी पाहिला टेबलावर. 'परिस्थिती शांत व नियंत्रणात. प्रकल्पाबाबत ग्रामस्थांमध्ये उत्साह.' कालचाही तोच. परवाचाही. तारीख तेवढी बदललेली! मी त्याला बोललो नाही. त्यानं खरं लिहिलं तर त्याची बदली होईल, हे आमच्याकडं बघूनच शिकलाय तो. शिकणाऱ्याला दोष कसा देऊ?

१५ ऑगस्ट, शुक्रवार

वर्दीत झेंड्याला उभा होतो. टपरीवाला सलीम समोरून गेला, थांबला, परत आला. "हवालदार साब, आप पुलिस में हो? बारा साल से उधारी सुना रहे थे आपको!" सगळे हसले. मी पण. पण आता त्याच्याकडे चहाला बसलो तर तो माझ्यासमोर बोलणार नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

वज्रेश्वरी. धाकलीकडं आज भाजी कमी आणि बोलायचं जास्त होतं. बाजूची बाई उठून गेली तसं तिनं भराभर सांगितलं —

"दसऱ्याला मंत्री येतो नारळ फोडाया. आमची भातां उभी हायत. बुलडोजर आनणार म्हनतात. आमी कोनी दगड न्हाय मारनार दादा. आमी कापनी काढनार. सगली मिलून, बाया-पोरी, आजूबाजूचे पाडे पन. इले घेऊन शेतात जानार आनि कापाया लागनार. बघू कोनच्या अंगावरून नेतात."

मी म्हटलं, "मला का सांगतेस? मी आता कोणी नाही."

"तुला न्हाय सांगू तर कोनाला? तू सांग त्यांना, दसरा सोरा. आमाला भात घराला नेऊन द्या. मंग बसून बोलू."

म्हणजे तिला भांडण नकोच होतं. पंधरा दिवस हवे होते, भात कापायला! एवढीच खबर. असली खबर मिळाली की पूर्वी मी उड्या मारत शाखेत यायचो. तंटा व्हायच्या आधीच मिटवायची चावी हातात!

परत येताना अंबाडी नाक्यावर वडापाव खाल्ला आणि किती तरी वेळ तिथंच बसलो.

२३ सप्टेंबर, मंगळवार

राहवलं नाही. साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. सगळं सांगितलं. कुणी सांगितलं ते सोडून.

साहेबांनी ऐकलं, हे खरं. मग मनोजला बोलावलं. मनोज म्हणाला, "सर, तिथं एकदम शांत आहे. सरपंचांच्या ग्रुपवर स्वागताचे बॅनर आलेत." साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "हरेश, तू मुद्देमाल बघ. उगीच वर काही गेलं तर म्हणतील, जुनी टीम मुद्दाम घाबरवतेय."

बाहेर आल्यावर मला कळेना की रागवू का गप्प बसू. त्यांनाही पटलं होतं. डोळ्यांत दिसत होतं. पण पटलेलं वर सांगायची हिंमत आता त्या इमारतीत कुणात उरली नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

मला पण बंदोबस्त लावला! मुद्देमालवाल्यालाही! वर्दीत, रस्त्यावर, शेताच्या कडेला.

बुलडोझरला झेंडूच्या माळा. मांडव. मंत्र्यांच्या अकरा गाड्या. आणि शेतात, शांतपणे, अडीचशे-तीनशे माणसं वाकून भात कापत होती. घोषणा नाही, झेंडा नाही. इळ्यांचा खसखस आवाज तेवढा. एकेक भारा बांधून रस्त्यावर आणून ठेवत होते. आधी एक रांग, मग दुसरी. अर्ध्या तासात रस्ता भाऱ्यांनी भरला. गाड्या पुढं जाईनात, मागं फिरेनात.

मंत्री माईकवर म्हणाले, "हे कापताय ते कापा, पण बाजूला..." कुणी मान वर केली नाही. त्या वेळी मी त्यांचा चेहरा पाहिला. रागाचा नव्हता. फसवल्या गेलेल्या माणसाचा होता. त्यांनी खरंच मानलं होतं की इथं उत्साह आहे. तीन महिने रोज त्यांना तसंच लिहून देत होते!

अडीच तास. शेवटी मंत्री चालत दिघाशीपर्यंत आले आणि कुणाच्या तरी जीपमध्ये बसले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

मी कडेला उभा होतो. लाज वाटायला हवी होती, पण खरं लिहितो, माझी छाती भरून आली. आमचा मे महिन्याचा अहवाल शेतात अक्षरशः उभा होता. धाकली माझ्यापासून वीस हातांवर भारा बांधत होती. तिनं एकदाही बघितलं नाही माझ्याकडं. पण बाकी पुष्कळांनी बघितलं — पोलीस म्हणून.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सोनं वाटायचं राहूनच गेलं काल.

६ ऑक्टोबर, सोमवार

केबिनमध्ये साहेब, मनोज, आणि मंत्र्यांच्या ऑफिसातून आलेला एक पांढऱ्या शर्टातला. त्यानं नाव सांगितलं नाही.

"तुम्हाला दहा दिवस आधी माहीत होतं."

"साहेबांना सांगितलं होतं मी."

साहेब खिडकीबाहेर बघत होते.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

मला वाटलं होतं, ते विचारतील की रोजचे अहवाल खोटे का होते. कुणी ते विचारलंच नाही! त्यांच्या मनात वेगळंच शिजलंय. ज्याला आधी माहीत होतं त्यानंच केलं. जुन्या शाखेचा माणूस पाड्यात होता, त्यानं पेटवलं, मंत्र्यांना तोंडघशी पाडायला. म्हणजे खबर देणारा हाच आता गुन्हेगार.

"नाव सांगा. तुमच्यावर काही येणार नाही."

"नाव नसतं साहेब आमच्याकडं. असे समजते, एवढंच लिहितो आम्ही."

पांढरा शर्ट हसला नाही. "चौकशी लागेल. दीड वर्ष राहिलंय ना तुमचं?"

"लागू द्या."

बाहेर आलो तर टोपी आतच राहिली होती, परत आणायला गेलो नाही. खोटं कशाला लिहू? पण मुद्देमाल खोलीत येऊन बसलो तेव्हा इतकं बरं वाटत होतं! अप्पा असते तर काही बोलले नसते. विडी पुढं केली असती.

१२ ऑक्टोबर, रविवार

वज्रेश्वरीला गेलो नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदा, मुद्दाम. पुढच्या रविवारीही नाही जाणार.

२० ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी. मनोज घरी आला, मिठाई घेऊन. सोबत त्याची बायको, भावना. कमळच्या चकल्यांचं कौतुक केलं. जाताना फाटकापाशी म्हणाला, "भाऊ, ते नावाचं सोडून द्या आता. मी वर सांगितलंय, हवालदारांकडं काही नाही. मीच चुकलो होतो, तुमच्याकडून शिकायला पाहिजे होतं."

डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं माझ्या. पोरगा चांगला आहे. मी त्याला खांद्यावर हात ठेवून गिरणीचं सांगितलं, डब्यांचं. तो मन लावून ऐकत होता.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

आज मी धाकलीच्या घरी गेलो!

हे आधीपासून लिहायला हवं. दुसऱ्या का तिसऱ्या वर्षीची गोष्ट. भाऊबीजेच्या दिवशी स्टँडमागं भेटलो होतो, तिनं पानात बांधलेलं कुंकू काढलं. "आज सगल्या बाया भावाला ववालतात. बस जरा." दिवा नाही, ताट नाही. एसटीच्या भिंतीआड, कुणी बघत नाही ना हे बघत, अंगठ्यानं कपाळाला कुंकू लावलं. मी लगेच रुमालानं पुसलं. पुसावंच लागायचं. दर वर्षी लावायची आणि दर वर्षी तिच्यासमोर पुसायचो. साडी द्यायचो ती वर्तमानपत्रात गुंडाळून, भाजीच्या पिशवीत, तिनंच बाजारात घेतली असं वाटावं म्हणून.

ह्या वर्षी मनात आलं, आता कसलं गोपनीय? मी मुद्देमालवाला. कुणाचाही उघड भाऊ होऊ शकतो. एकदा तरी पुसायचं नाही कुंकू!

काल कमळला सांगितलं. सोळा वर्षांनी. नाव, गाव नाही, पण सांगितलं. ती म्हणाली, "दर दिवाळीला एक साडी कुठं जाते हे मला माहीत नाही असं वाटलं तुम्हाला?"

"मग विचारलं का नाहीस?"

"तुमच्याच घरात राहते ना. विचारायचं नसतं, थांबायचं असतं."

मग तिनंच निवडली, हिरवी, जरीचे काठ असलेली. दुकानाच्या पिशवीतच नेली, उघड.

शेलार गावाच्या पुढं रस्ताभर मोटारसायकली. पुढं भाऊ, मागं भाऊ, प्रत्येकाच्या हँडलला पिशवी. मला इतकी मजा वाटत होती! एवढ्या वर्षांत ह्या गर्दीतला एक व्हायला मिळालं नव्हतं. नवा शर्ट घातला होता. दिघाशीनंतर रस्ता कच्चा. पाड्याच्या तोंडाशी गाडी लावली आणि पहिल्या भेटलेल्या म्हातारीला विचारलं, "धाकलीचं घर कुठलं? जी वज्रेश्वरीला भाजी घेऊन बसते ती." विचारलं! सरळ प्रश्न! अप्पांनी कान पिळला असता.

दारात तिचा नवरा चिंतू बसला होता, टोपली विणत. "कोन?" तेवढ्यात ती बाहेर आली. मला बघून एकदम थांबली. चेहरा कसा झाला ते सांगता येत नाही. "दादा, तू इकडं कशाला आलास?"

"ओवाळून घ्यायला."

चिंतू म्हणाला, "तुला भाव कदी झाला?" ती आत गेली. ताटात दिवा, तांदूळ, सुपारी सगळं घेऊन आली. पाट नव्हता, गोणपाटावर बसलो. शेजारच्या दोन बाया, चार-सहा माणसं दाराशी जमली. दिवा पहिल्यांदा! ती दाराकडं बघत घाईघाईनं ओवाळत होती, वाटलं, सवय नाही म्हणून. दारातला एक जण म्हणाला, "दसऱ्याला रस्त्याला हुबा व्हता पोलीस, तोच का ह्यो?" मी हसून म्हटलं, "हो, मीच तो." कुणी हसलं नाही. लाजाळू लोक आहेत.

साडी दिली. तिनं डोक्याला लावली आणि लगेच आत नेऊन ठेवली. जेवायला थांब म्हणाली नाही. जाताना दारापर्यंतही आली नाही, आतूनच म्हणाली, "जा आता."

येताना कुंकू पुसलं नाही. अंबाडी नाक्यावर चहा प्यायलो, तिथल्या पोरीनं विचारलं, "काका, बहिणीकडून आलात?" मी म्हटलं, "हो." छान वाटलं म्हणून सांगू! शाखा गेली त्यातून मला हे एक मिळालं, असं वाटतंय आज.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

खोलीत बसल्या बसल्या तिचं ते "जा आता" आठवत राहिलं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी धाकलीला स्टेशनवर आणलं. लोकांना चिथावलं म्हणून. पाड्यातून तिच्यासोबत कुणी आलं नाही, चिंतूही नाही. ती पोलिसांची आहे हे त्यांना तेवीस तारखेलाच कळलं.

साहेबांच्या टेबलावर मनोजचा अहवाल होता. मी शेलारच्या पुढं किती वाजता दिसलो, गाडी कुठं लावली, कुणाला पत्ता विचारला, सगळं. ह्या वेळी एकही शब्द खोटा नाही. माहिती कुणाकडून मिळाली त्या ओळीत माझं नाव.

साहेबांनी मला तिच्यासमोर उभं केलं. "हा तुझा कोण?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"न्हाय वळखत," म्हणाली. "मला भाव न्हाय."